लाल लुगड्याचा राखाडी

राहुरी,
जानेवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय मृणाल,

तुझा फोटो मिळाला आणि त्याखालची कुरकुरही. "एवढं पिवळंधमक शेत, वर एवढं निळं आभाळ, आणि काळंपांढरं केलं की सगळ्याचा चिखल! तुझ्या उसाला काय सोनं लागलंय, तो बरा उठून दिसतो?" अगं, उसाला सोनं लागलं असतं तर इथल्या शेतकऱ्यांना एफआरपीच्या दरासाठी रस्त्यावर बसावं लागलं नसतं. पण ते राहू दे. तू विचारलंस, "नेमकं करतेस तरी काय?" त्याचं उत्तर दोन ओळींत मावत नाही. शिवाय सास्काटूनला उणे तीस चालू आहे आणि तू घरात कोंडलेली आहेस, म्हणजे वाचायला वेळ आहे तुला. म्हणून हे पत्र.

आधी इकडची खबर. कारखान्यांचा हंगाम भरात आहे. नगर-मनमाड रस्त्यावर रात्री गाडी चालवणं म्हणजे दिव्य. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही, आणि गाणी मात्र अशी मोठ्यानं की उसालाही ऐकू जावीत. हरभरा घाट्यात आलाय. मुळेच्या उजव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार यावर चहाच्या टपरीवर रोज तीच चर्चा. विद्यापीठात परवा काही कामानं गेले होते. आपण ज्या रस्त्यावर सायकली मारायचो तो तसाच आहे, झाडं तेवढी आणखी मोठी झालीत. वर्गात मुली मात्र आता निम्म्याच्या आसपास दिसतात. आपण किती मोजक्या होतो, आठवतं?

आता तुझा कॅनोला. तू फोनमधलं 'मोनो' बटण दाबलंस हे मला इथून दिसतंय. त्या बटणाला शेत कळत नाही, आभाळ कळत नाही. त्याला एक ठरलेलं गणित तेवढं येतं. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यापाठी तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येक ० ते २५५ च्या मधला. टीव्हीच्या काळापासून चालत आलेलं सूत्र असं, की लालाचे साधारण ३० टक्के घ्यायचे, हिरव्याचे ५९, निळ्याचे ११, आणि बेरीज करायची. आली ती संख्या म्हणजे त्या ठिपक्याचा राखाडी. आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यांत उजळ भासतो आणि निळा सगळ्यांत मंद, म्हणून असं वाटप. सूत्रात खोट काही नाही. उजेड किती होता ते इमानदारीनं सांगतं. फक्त दोन रंग एकमेकांपासून वेगळे होते की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

इकडचंच उदाहरण देते. डिसेंबरात आमच्या शेजारच्या मळ्यात तोड चालू होती. पाथर्डीकडची टोळी. त्यातल्या एका वयस्क बाईंचा फोटो मी काढला. लाल लुगडं, त्यावर पात्यांनी हात कापू नयेत म्हणून घातलेला नवऱ्याचा जुना शर्ट, हातात कोयता, मागे उभा हिरवा ऊस. रंगीत फोटोत लुगडं नुसतं पेटलंय. बटण दाबलं आणि बाई उसात विरघळल्या! शर्ट तेवढा हवेत तरंगत राहिला. का, ते आकड्यांत बघ. तुला आकडे आवडतात. लुगड्याचा ठिपका होता लाल १८०, हिरवा ३०, निळा ४०. मागच्या सावलीतल्या उसाचा होता लाल ७०, हिरवा ९०, निळा ४०. मघाचं सूत्र लाव. लुगड्याचा राखाडी येतो ७६ आणि उसाचा ७८. एवढ्या फरकावर कुणाचा डोळा काय सांगणार? जगातला सगळ्यांत भांडकुदळ रंग आणि त्याच्या समोरचा हिरवा, दोघं एका राखाडीत सुखानं नांदायला लागले.

आता गंमत बघ. सूत्र बाजूला ठेव आणि फक्त लाल आकडा घे. लुगडं १८०, ऊस ७०. म्हणजे लुगडं उजळ आणि मागचा फड गडद. उलट फक्त हिरवा आकडा घेतलास तर लुगडं ३०, जवळजवळ काळं, आणि ऊस ९०. एकच फोटो, पण पहिल्यात अंधाऱ्या फडातून बाई पुढे येतात आणि दुसऱ्यात उजळ उसापुढे त्यांची काळी आकृती उभी राहते. लाल लुगड्याला कोणता राखाडी द्यायचा हे कुणीतरी ठरवायचंच असतं. तू ठरवलं नाहीस तर फोन ठरवतो. माझ्या फोटोंत जे काही 'उठून दिसतं' ते एवढ्या एका गोष्टीमुळे. बाकीचं सगळं नंतरचं.

आणि एक सांगू? कॅमेऱ्याला मुळात रंग दिसतच नाही. सेन्सर फक्त उजेड मोजतो. त्याच्या एकेका बारीक घरावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते, म्हणून कोणत्या घरात कोणता उजेड आला ते कळतं, आणि उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून अंदाजानं भरले जातात. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची; तिचं पेटंट १९७६ चं. घरांची वाटणी कशी, तर निम्मी हिरवी, पाव लाल, पाव निळी. वाचल्यावर मला काय आठवलं असेल? आपली फुले त्रिवेणी गाय! निम्मं रक्त होल्स्टिनचं, पाव जर्सीचं, पाव गीरचं. गाय एकच दिसते, पण दूध कुणाकडून आलं आणि काटकपणा कुणाकडून हे माहीत असलं की पैदाशीचा पुढचा निर्णय घेता येतो. तुझ्या फोटोत हे तिन्ही वंश शाबूत आहेत, तोवर कुणाला किती वाटा द्यायचा ते तुझ्या हातात. एकदा बटण दाबून फोटो सेव्ह केलास की ते गेलं. म्हणून कॅमेऱ्यातच काळापांढरा फोटो काढण्याच्या फंदात पडू नकोस. रंगीतच काढ आणि मूळ फाइल कधी पुसू नकोस. (लायकानं २०१२ मध्ये काचा काढून टाकलेला, फक्त काळापांढरा कॅमेरा काढला. मोनोक्रोम नाव. तपशील सुरेख येतो म्हणतात. त्याची किंमत विचारू नकोस. तेवढ्यात इथे ठिबक होतं, आणि पंपही येतो वर.)

तर आता तुझ्या शेतावर काय करायचं ते. फोनवर स्नॅपसीड टाक, फुकट आहे. त्यात ब्लॅक अँड व्हाइट उघडलंस की लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे ठिपके मिळतील. लालावर बोट ठेव. पिवळ्या फुलांत लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असतात आणि निळा जवळपास नसतो. आभाळाचं बरोबर उलट. त्यामुळे शेत पांढरंशुभ्र होईल आणि आभाळ गडद. मग निळ्यावर बोट ठेव. शेत काळं पडेल, आभाळ फटफटीत पांढरं. आपण हे दोन्ही आधी करून बघतो आणि मग मधलं कुठं थांबायचं ते बघतो. संगणकावर लाइटरूम असेल तर तिथे रंगागणिक आठ पट्ट्या आहेत, फोटोशॉपच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सहा. पैसे घालवायचे नसतील तर जिंप आहे. त्यात मोनो मिक्सरनं तिन्ही आकड्यांचे वाटे स्वतः लिहून देता येतात. तू हेच घे. फॉर्म्युलेशन बनवण्याची तुला हौस आहेच.

यातली एक खुबी सांगते, ती शिकायला मला बराच वेळ गेला. पाल्याला उजळ करायचं असेल तर हिरवी पट्टी ओढून फारसं काही होत नाही, पिवळी ओढावी लागते. पान आपल्याला हिरवं दिसतं, पण उन्हातल्या पानाचा रंग कॅमेऱ्याच्या हिशेबी पिवळ्याकडे झुकलेला असतो. उसाचं, मक्याचं, तुझ्या कॅनोलाचं, सगळ्यांचं तेच.

लाल काचेचा हा डाव काही संगणकानं शोधलेला नाही. अॅन्सेल अॅडम्स हे नाव तू ऐकलं असशील, योसेमिटीच्या डोंगरांचे फोटो काढणारा. १९२७ च्या एप्रिलमध्ये, पंचविशीत, तो हाफ डोम नावाच्या कड्यासमोर काचेच्या प्लेटांचा कॅमेरा घेऊन उभा होता. पिवळी काच लावून एक फोटो घेतला, मग वाटलं की समोरचा कडा मनात जसा उतरलाय तसा हा येणार नाही, आभाळ फिकं राहील. शेवटची प्लेट उरली होती. तिला गडद लाल काच लावली. आभाळ जवळजवळ काळं आलं आणि कडा अंगावर आला. काचेचा नियम साधा आहे. ती आपल्या रंगाला उजळ करते आणि विरुद्ध रंगाला दाबते. आपण पट्टी ओढतो ती त्याच काचेची नात. फरक एवढाच, की त्याला काच आधी निवडावी लागली आणि आपण ती फोटो काढून आल्यावर, दिवाणावर लोळत निवडतो.

पण पट्टी ओढायलाही मर्यादा आहे, आणि सगळे तिथेच घसरतात. आभाळ काळं करण्याच्या नादात निळी पट्टी तळाला नेली की झाडाच्या शेंड्यांभोवती आणि डोंगराच्या कडेनं पांढरी किनार उमटते, कारण कडेच्या ठिपक्यांत दोन्ही रंगांची भेसळ असते आणि ते पट्टीला पुरते दाद देत नाहीत. आभाळात खर दिसायला लागते. जेपीईजी फाइल असेल तर चौकोन चौकोनसुद्धा दिसतात, कारण जागा वाचवण्यासाठी त्यात रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीच्या चौथाईच ठेवलेली असते, आणि तू नेमकी तीच ताणतेस. म्हणून फोनच्या प्रो मोडमध्ये जाऊन रॉ चालू कर. जेपीईजीत एकेका रंगाच्या २५६ पायऱ्या, तर बारा बिटांच्या रॉमध्ये ४,०९६. ताणायला कापड भरपूर मिळतं.

आभाळाच्या बाबतीत तू माझ्यापेक्षा नशीबवान. तुमची हवा कोरडी, आभाळ निळं, पट्टीला धरायला रंग असतो. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये आभाळ धुळीनं पांढुरकं. त्यात निळा नसतोच, मग ओढायचं काय? पट्टी फिरव नाहीतर नको फिरवूस, काही हलत नाही. आम्ही वाट बघतो जून-जुलैची. पर्जन्यछायेतलं गाव, सरासरी पाऊस ५२० मिलीमीटर, त्यामुळे ढग येतात, छान छान आकार करतात आणि पूर्वेला निघून जातात. शेतकरी कपाळाला हात लावून बघतो आणि फोटोवाले कॅमेरा घेऊन धावतात. पडतो तो पाऊस तिकडे अकोले तालुक्याच्या डोंगरात, आणि त्यावर बारागाव नांदूरला आमचं मुळा धरण भरतं. २६ टीएमसी. ज्या वर्षी अकरा दरवाजे उघडतात त्या वर्षी अर्धी राहुरी मोबाईल उंचावून तिथे असते. तो फोटो मात्र काळ्यापांढऱ्यासाठीच जन्मलेला. पाणी गढूळ असतं, रंगात अगदीच चहा दिसतो. काळ्यापांढऱ्यात लाल काच लावली की तोच फेस होतो आणि मागचे ढग गडगडायला लागतात. ऑक्टोबरातलं धुतलेलं आभाळ आणखी बरं. सूर्य समोर किंवा पाठीशी न ठेवता खांद्याच्या बाजूला ठेव, तिथे आभाळ सगळ्यांत गडद निळं असतं.

तुझ्या कॅनोलाच्या फोटोत आणखी एक गोची आहे बरं का, रंगांपेक्षा मोठी. तू तो भर दुपारी काढलायस. सूर्य डोक्यावर, सावली कुठे नाही, शेत म्हणजे नुसता एक पट्टा. रंग होता तोवर त्यानं वेळ मारून नेली. रंग काढल्यावर उरतात आकार, पोत आणि सावल्या, आणि तुझ्याकडे त्या नव्हत्याच. जुलैत संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो ना तुमच्याकडे? मग आठनंतर जा. तिरप्या उन्हात ओळी दिसतील. आणि शेवटी एवढं बघ, की फोटोत निदान एखादा कोपरा खरा काळा आणि एखादा ठिपका खरा पांढरा आहे. तू म्हणतेस तो 'चिखल' बहुतेक वेळा या दोघांच्या गैरहजेरीमुळेच होतो.

तुझ्या आजीचा एक फोटो तुमच्या सोप्यात होता बघ, नऊवारीतला, खुर्चीशेजारी उभ्या. त्यांचं कपाळ आठव. कुंकू लावलंय की बुक्का, कळायचं नाही, इतकं काळं. मला तेव्हा वाटायचं, जुन्या काळी कुंकूच तसलं असेल. कारण असं, की त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना लाल दिसायचाच नाही. जे लाल ते काळं, आणि निळं आभाळ कोरं पांढरं. फोटोवाल्याला त्याची सोय होती, डार्करूममध्ये लाल दिवा लावून बिनधास्त काम करता यायचं. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक प्लेटा इंग्लंडात १९०६ मध्ये बाजारात आल्या, पण जुन्याही बराच काळ टिकल्या. त्यांच्यात आपल्यासारख्यांचे सावळे चेहरे आणखी काळे यायचे, मग निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग. म्हणजे बघ, कुठल्या रंगाला कोणता राखाडी, हे तेव्हा प्लेट बनवणारा कारखाना ठरवायचा. आपल्या वेळी गॅदरिंगचे फोटो 'इंदू'च्या रोळावर निघायचे. तो रोळ उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, सरकारी कारखान्याचा. तो सगळे रंग ओळखायचा तरी. तुझ्या नाटकातल्या जांभळ्या शालूचं काय झालं होतं ते मात्र न सांगितलेलं बरं.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक भांडण तुझ्याशी. माणसाच्या कातडीचा रंग, आपला काय किंवा तुझ्या शेजारणीचा काय, नारिंगी-लालाच्या पट्टीत येतो. ती पट्टी वर ढकलली की चेहरा उजळतो, डाग-सुरकुत्या पुसल्या जातात. सगळी ब्यूटी अॅप्स याच दिशेनं जातात. आणि तू दिवाळीला पाठवलेल्या फोटोत तेच केलं होतंस, आपल्या गृहस्थांना पार गोरं करून टाकलंस! रापलेला माणूस रापलेलाच दिसू दे गं. मी उसाच्या फोटोत लुगड्यासाठी लाल वर नेला तेव्हा बाईंचा चेहराही पिठूळ व्हायला लागला. मग नारिंगी खाली आणली, लाल तेवढा वर ठेवला. लुगडं उजळ, चेहरा उन्हाचा. या कामासाठी एका लाल बटणापेक्षा आठ पट्ट्या बऱ्या.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. स्नॅपसीडमध्ये 'ड्रामा' नावाचं चक्क बटणच आहे. ते दाबायचं, क्लॅरिटी शंभरावर न्यायची, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ खणून काढायची, डोळ्यांत पांढरे ठिपके घालायचे, आणि खाली लिहायचं 'जीवनसंघर्ष'. स्पर्धांमधून असे फोटो ढिगानं येतात. हंगामात आमच्याकडे शनिवार-रविवारी पुण्याहून कॅमेरे येतात, ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्यांभोवती फिरतात, चुलीपुढची बाई आणि उघडं पोर टिपतात आणि परत जातात. रंग ठेवला तर त्याच कोपीत निळा प्लास्टिकचा ड्रम असतो, पोराच्या अंगात कुठल्याशा कार्टूनचा गुलाबी टी-शर्ट असतो, चार्जिंगला लावलेला मोबाईल असतो. काळंपांढरं केलं की हे सगळं आजचं असणं पुसलं जातं आणि उरते ती कुठल्याही काळातली गरिबी. ती बघणाऱ्याला सोपी जाते. म्हणून मी म्हणते, ड्रामा वाईट नाही, पण तो प्रसंगात हवा.

सुधारक ओलवे यांचे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो मिळाले तर बघ. काळेपांढरे आहेत, गटारात उतरलेली माणसं आहेत. त्यांत अंधार आहे तो त्या भोकातला. कुणी पट्टी ओढून आणलेला वाटत नाही. ओलव्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. नेमक्या उलट मताचे होते रघुबीर सिंह, राजस्थानचे. त्यांनी जन्मभर रंगातच काम केलं आणि भारताकडे बघायचं तर रंगातच, असा त्यांचा आग्रह होता. मला दोघंही पटतात. तू म्हणशील, ही नेहमीसारखी कुंपणावर बसली. पण तसं नाही. माझं म्हणणं एवढंच की रंग काढायला कारण पाहिजे.

सिनेमातल्या व्ही. शांतारामबापूंचंच घे. रंगाची हौस त्यांच्याइतकी कुणाला? १९३३ साली 'सैरंध्री'च्या प्रती रंगीत करून घ्यायला जर्मनी गाठली, आणि रंग काही मनासारखे उतरले नाहीत. पुढे १९५५ ला 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये काढला, लोकांनी डोक्यावर घेतला. म्हणजे रंग हाती आला होता, पैसाही. तरी १९५७ मध्ये कैद्यांवरचा 'दो आँखें बारह हाथ' काढताना माणूस काळ्यापांढऱ्याकडे परत आला, आणि १९५९ च्या 'नवरंग'ला पुन्हा रंगात गेला. विषय बघून वाट बदलली. आपल्या साखरपट्ट्यावरचा 'सामना', १९७५ चा, जब्बार पटेलांचा. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील रंगीत असता तर फेटा कोणत्या रंगाचा यातच आपण गुंतलो असतो. (रंगीत फिल्म तेव्हा महाग होती हेही खरं. मराठी निर्मात्याच्या कलादृष्टीला खिशाचा टेकू नेहमीच असतो.) आता उलटा कारभार. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'चा काळापांढरा भाग २००४ मध्ये संगणकावर रंगवून काढला. तिकडे काळ्यापांढऱ्याला रंग चढवतात आणि आपण इकडे रंग उतरवत बसलोय.

काय बदलू नये तेही सांगून टाकते. वांबोरीच्या बाजारातले लाल कांदे मी काळेपांढरे करून पाहिले. बटाटे दिसतात! खंडोबाचा भंडारा, गुलालाची मिरवणूक, रंगपंचमी, यांतला रंग काढला की मागे धूळ उरते. उलट कारखान्याचं धुराडं आणि त्यातून निघणारी वाफ, पहाटेच्या दवातलं पाचट, बैलाच्या खांद्यावरचा घट्टा, याला रंगाची गरजच नाही. आणि होल्स्टिन गाईचं काम तर देवानंच करून ठेवलंय.

त्या लाल लुगड्याच्या बाईंना फोटो द्यायचा होता. नगरहून दोन्ही छापून आणले, रंगीत आणि काळापांढरा, चांगल्या कागदावर. मी मोठ्या ऐटीत आधी काळापांढरा पुढे केला. त्यांनी तो उन्हात धरला, मान तिरकी करून पाहिला आणि विचारलं, "ताई, हा कुणाच्या दहाव्याचा?" टोळीतल्या सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. "आसला फोटू मेल्यावर पेपरात देत्यात. मला माझ्या लाल लुगड्याचा द्या." रंगीत घेतला, कनवटीला लावता येईना म्हणून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मोळी बांधायला गेल्या. काळापांढरा माझ्याकडे आहे. मला तो अजूनही जास्त आवडतो, पण त्यांना कोणता द्यायला हवा होता याबद्दल शंका नाही.

आता तुला काम. कॅनोला फुलायला जुलै उजाडेल, तोवर खिडकीबाहेर बर्फ आहेच. ते शिकायला उत्तम. दोन गोष्टी ध्यानात ठेव. पहिली, कॅमेरा समोरच्या सगळ्याची सरासरी मध्यम राखाडी धरून चालतो, त्यामुळे बर्फ मळकट येतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढव. दुसरी जास्त मजेची. ऊन पडलं असताना बर्फावरच्या सावल्या नीट बघ, त्या निळ्या असतात, कारण तिथे सूर्याचा उजेड पोचत नाही, आभाळाचाच पडतो. रॉमध्ये काढ आणि लाइटरूममध्ये निळी पट्टी खाली ओढ. बर्फ पांढरा राहील आणि फक्त सावल्या गडद होतील. झाडाची, कुंपणाची, तुझ्या स्वतःची, जी मिळेल ती सावली काढ. सकाळी किंवा दुपार उतरल्यावर. हातमोजे घालून.

घरी सगळ्यांना आठवण सांग. आई विचारत होती, तिकडे तुम्ही पिकवलेली मसूर इथल्या दुकानात येते म्हणतात, मग मृणालनं पिकवलेली कशी ओळखायची? मी सांगितलं, जी शिजायला वेळ लावेल ती.

तुझी,
शुभदा

ता. क. – फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवणार असशील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. नुसता फोटो म्हणून पाठवला की ते त्याचा आकार कमी करून टाकतं, आणि मग पट्ट्या ओढायला माझ्या हातात काही उरत नाही. कॅनोलाची मूळ रंगीत फाइलही तशीच पाठव.